बॅटच्या आरपार जाणारा चेंडू

ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे 39 मीटर जातो. व्हिडिओ गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल, तर दोन चित्रांदरम्यान चेंडू 65 सेंटिमीटर सरकतो. बॅटची जाडी मात्र नियमाने फार तर 6.7 सेंटिमीटर. एका चित्रात चेंडू बॅटच्या पुढे, दुसऱ्यात मागे. टक्कर झालीच नाही, असा संगणकाचा समज होतो! म्हणून चेंडूची आणि फिरत्या बॅटची मधली अख्खी वाट तपासावी लागते. तेव्हा कुठे कड लागून स्लिपकडे उडालेला झेल खरा वाटतो.

स्विंगचं गणित त्याहून देखणं आहे. हवेचा आडवा दाब चेंडूला सतत ढकलत असतो आणि वळण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अर्ध्या वेळेत जेमतेम पाव वळण, उरलेलं सगळं फलंदाजाजवळ. हे न पाळणाऱ्या गेममध्ये चेंडू रुळावरून आल्यासारखा दिसतो.

खरी कसोटी वेळेची. दोन पॉपिंग क्रीझमधलं 17.68 मीटर अंतर चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. मैदानावरचा फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून आधीच अंदाज बांधतो. पडद्यावर ते मनगट इवलंसं. म्हणून अनेक गेम टप्प्याची जागा आधीच दाखवत. अंदाज आल्यावर फटका खेळायचा कसा, हा पुढचा प्रश्न. 2014 च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’ने कंट्रोलरच्या एका स्टिकवर पाय आणि दुसरीवर फटका सोपवला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण फलंदाजी आधी पायांनीच होते.