कोणाचा तरी बर्णबा व्हा



दरवर्षी जून जवळ आला की मंडळ्यांमधून फोन येतात, "ताई, यंदा मुलांसाठी काय पाठवू?" वह्या, छत्र्या, प्रवेशाची फी, सगळेच लागते आणि आपण ते मोठ्या मनाने देता. तरीही पाड्यावरून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी शिकायला गेलेली काही मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर परत जात नाहीत. कारण प्रत्येक वेळी पैशाचे नसते. घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच असतो. घरी बोली वारली किंवा पावरी, आश्रमशाळा मराठीत आणि आता पुस्तके इंग्रजीत. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले की "हे आपले काम नाही" असे त्याला वाटू लागते. दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला निघतात आणि तोही गाठोडे बांधतो. त्या आठवड्यात त्याच्याशी बोलणारे एक जरी भरवशाचे माणूस असले, तरी पुष्कळदा पाऊल थांबते.

असे माणूस कसे असते, हे पवित्र शास्त्रात बर्णबाकडे पाहिले की कळते. त्याचे खरे नाव योसेफ. तो कुप्र बेटावरचा लेवी. त्याने आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले (प्रे. कृत्ये ४:३६-३७). म्हणजे देणगीदार तो होताच. पण मंडळीच्या इतिहासात त्याचे मोठेपण त्या देणगीपुढे सुरू होते.

मंडळीचा छळ करणारा शौल बदलून यरुशलेमेत आला, तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला सोबत नेऊन प्रेषितांपुढे उभे केले आणि त्याच्याबद्दल साक्ष दिली (९:२६-२७). पुढे अंत्युखियात काम वाढले, तेव्हा तो स्वतः तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर एकत्र शिकवले (११:२५-२६). आधी "बर्णबा व शौल" असा येणारा उल्लेख तेराव्या अध्यायात "पौल व बर्णबा" असा होऊ लागतो. आपण हात धरून आणलेला माणूस पुढे गेला, म्हणून बर्णबाने कुरकुर केल्याचे कुठे दिसत नाही. योहान मार्क एकदा प्रवास अर्धवट सोडून परतला होता. पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता, पण बर्णबाने त्याला आणखी एक संधी दिली (१५:३७-३९). पुढे पौलानेच तो सेवेसाठी उपयोगी असल्याचे लिहिले (२ तीमथ्य ४:११).

साक्ष देणे, शोधत जाणे, सोबत काम करणे, मागे सरणे आणि चुकलेल्याला पुन्हा जवळ घेणे. मार्गदर्शक होणे म्हणजे एवढेच.

काही विश्वासणारे मला विचारतात, "या मुलांपैकी किती जण प्रभूकडे आले?" प्रश्नामागची तळमळ मला कळते. पण मदतीला अट चिकटली की मुलाला ती लगेच जाणवते. मग तो आपल्याला हवे तेच बोलू लागतो आणि खरी अडचण लपवतो. आपल्याच इतिहासातले उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुण कवीला अहमदनगरच्या आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, पण टिळकांची माया कमी झाली नाही. तेच ठोंबरे आज साऱ्या महाराष्ट्राला 'बालकवी' म्हणून ठाऊक आहेत. साक्ष आपल्या वागण्यातून जाते. हृदय बदलणे पवित्र आत्म्याचे काम आहे. मुलाची बोली, त्याचे नाच, त्याच्या घरची रीत यांना कमी लेखून तर कोणाचेच भले होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगते.

आठवड्यातून एक फोन, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. मार्कांआधी "जेवलास का?" हे विचारा. महिनाभर चुकलेल्या फोनची भरपाई मोठ्या भेटवस्तूने होत नाही.

कागदपत्रांत सोबत करा. नर्सिंग, इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करायला लावा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पात्र विद्यार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात मिळू शकतात. त्याची चौकशी प्रकल्प कार्यालयात करावी. अर्ज मात्र मुलालाच भरू द्या. आपण शेजारी बसावे.

आईवडिलांना डावलू नका. मुलाच्या घरी एकदा तरी जाऊन या आणि त्यांच्या अंगणात बसून बोला. अठरा वर्षांखालील मुलामुलींना एकट्याने भेटू नका. पालकांना किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांना सांगूनच भेटा. यात मुलाचे रक्षण आहे आणि आपलेही.

नापास झाला, तर पहिला फोन आपला असावा. उपदेश नंतर. फेरपरीक्षेचा फॉर्म कधी निघतो, ते आधी पाहा.

आणि शेवटी मागे सरायला शिका. ज्या दिवशी तो आपल्याला न विचारता निर्णय घेईल, त्या दिवशी देवाचे आभार माना.

यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. निवृत्त शिक्षिका, बँकेतले कर्मचारी, परिचारिका, घर सांभाळणाऱ्या भगिनी, कोणीही हे करू शकते. आपल्या मंडळीतून फक्त दोन नावे द्या आणि त्या दोघांसाठी रविवारच्या उपासनेत प्रार्थना करा. पैसे पाठवत राहा, पण आता आपला थोडा वेळही पाठवा.

प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वादित करो.