मनोऱ्याची झोप

साखर कारखान्याचा भोंगा आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, नवा नाही. पाळी बदलल्याची ती वर्दी कामगारासाठी असते. पण पंचक्रोशीतील शेतकरी, गृहिणी, शाळेला निघालेली मुले, सारेच तिच्यावर आपला दिवस बेततात. भ्रमणध्वनीचा मनोरा असाच एक भोंगा देत असतो. तो आपल्या कानांना ऐकू येत नाही, आणि तो सेकंदाला पन्नास वेळा होतो. मध्यरात्री राहुरीच्या उसात एकही फोन वापरात नसला तरी तो होतोच. या भोंग्याला वीज किती लागते आणि ती वाचवता येईल काय, एवढाच आजचा विषय.

प्रथम त्याची गरज पाहू. फोनचे घड्याळ एका स्फटिकाच्या कंपनांवर चालते. साधा स्फटिक दहा लाखांत दहा भागांनी चुकला, तर आपण म्हणू, फारच अचूक! परंतु 5-जी सेवेच्या 3500 मेगाहर्ट्झ लहरीवर एवढीशी चूक 35 किलोहर्ट्झ भरते, आणि तेथे शेजारच्या दोन उपलहरींमधले अंतर असते अवघे 30 किलोहर्ट्झ. म्हणजे फोन शेजारच्या घरातले बोलणे आपले समजून ऐकू लागेल. म्हणून मनोरा ठराविक वेळाने एक ओळखीचा नमुना प्रक्षेपित करतो. त्यावरून फोन आपली लहर व वेळ जुळवून घेतो आणि 1008 क्रमांकांपैकी या मनोऱ्याचा क्रमांक कोणता हेही ओळखतो. याला समकालन-संकेत म्हणतात.

हा संकेत स्वतः फार लहान असतो. एकदा देण्यास मिलिसेकंदाचा सातवा हिस्साही लागत नाही. मनोरा तो आठ दिशांना आळीपाळीने देतो असे धरले, तरी वीस मिलिसेकंदांतले जेमतेम सव्वा मिलिसेकंद खर्ची पडते. मग तक्रार कशाची? तक्रार उरलेल्या वेळाची आहे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला दर दहा मिनिटांनी टोल द्यायला सांगितले, तर टोल देण्याचे श्रम नगण्य. पण त्याला झोप लागत नाही. मनोऱ्याचे तेच होते.

3-जी-पी-पी या जागतिक मानक-मंडळाने अभ्यासासाठी एक नमुना-मनोरा कल्पिला आहे. त्यात गाढ झोपेतील वीज 1 मानली, तर हलक्या झोपेत 25, नुसत्या डुलकीत 55 आणि पूर्ण जोराने प्रक्षेपण करताना 280 लागते. गाढ झोपेत जाऊन परत यायला 50 मिलिसेकंद लागतात. दर वीस मिलिसेकंदांनी हाक द्यायची असेल, तर ही झोप घेणारच कशी? आणि जुन्या पिढ्यांची अवस्था याहून बिकट. 4-जीचा मनोरा दर मिलिसेकंदाला काही ना काही खुणेचे संकेत देतो, आणि 2-जीची मुख्य लहर तर अखंड, पूर्ण जोराने चालू असते. त्यामानाने 1 ऑक्टोबर 2022 रोजी भारतात सुरू झालेली 5-जी बरीच शहाणी म्हणायची.

भोंगा विरळ करावा, हा सरळ उपाय. 5-जीत हे अंतर 5 पासून 160 मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येते. परंतु नव्याने शोध घेणारा फोन 20 मिलिसेकंदांचेच अंतर गृहीत धरतो. हाक त्याहून विरळ असेल तर तो मनोऱ्याला ओळखायला उशीर करील, किंवा येथे कोणी नाही असे समजून पुढे जाईल. आणि शोधत राहण्यात त्याची स्वतःची बॅटरी उतरेल. सांदण दरीत उतरलेल्या पर्यटकांना फोनची बॅटरी अशी भराभर उतरण्याचा अनुभव नवा नसावा.

दुसरा उपाय आपल्या कालव्यांवरचा आहे. पाणी सोडण्यापूर्वी पाटबंधारे खाते जाहीर प्रकटन काढते आणि शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून मागणी नोंदवतो. 2025 साली पुऱ्या झालेल्या मानकांच्या एकोणिसाव्या आवृत्तीत अगदी हीच रीत आली आहे. एक मनोरा जागा राहतो. त्याच जागेवरील जादा लहरी गाढ झोपतात, आणि गरज पडली तरच त्यांवर समकालन-संकेत सुरू होतो. शिर्डीला रामनवमीच्या गर्दीसाठी बसवलेल्या जादा लहरींना एरवीच्या रात्री हाका मारण्याचे कारण नाही. तेथे ही योजना सुरेख बसते.

पण कालव्यावर प्रकटन काढायला कोणीतरी असावेच लागते. घाटघरसारख्या, पावसाने झोडपलेल्या आणि डोंगराआड असलेल्या गावी एखादाच मनोरा असेल, तर तो कोणाच्या भरवशावर झोपणार? वीज गेली की तो बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेलवर. म्हणजे बचतीची निकड तेथेच सर्वांत जास्त, आणि ही योजना तेथेच सर्वांत कमी लागू पडते. माझ्या मते अशा मनोऱ्याने पहिली हाक 20 मिलिसेकंदांनीच द्यावी. रात्री साप चावलेल्याचे नातेवाईक 112 लावतात, तेव्हा फोनला मनोरा तत्काळ सापडला पाहिजे. काटकसर करायची ती हाकेच्या दिशा कमी करून, हाकांमधल्या वेळेत हलकी झोप घेऊन (ती सहा मिलिसेकंदांत आटोपते) आणि छपरावर सौर पट्ट्या बसवून. भर पावसाळ्यात त्या पट्ट्या कितपत साथ देतील, हा हिशेब मात्र घाटघरच्या ढगांना विचारूनच मांडावा लागेल.