बेचाळीसांवर उभं विश्व

पुण्यात एका व्याख्यानात वक्त्यांनी सहज सांगितलं, की विश्वप्रसरणाच्या वेगाचा ७३ (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) हा गाजलेला आकडा शेवटी ४२ सुपरनोव्हांवर उभा आहे. बेचाळीस! अब्जावधी दीर्घिकांच्या विश्वात? हे काम चालतं तरी कसं, ते बघायला एका संशोधक विद्यार्थिनीच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

दुर्बीण कुठेच नव्हती. पडद्यावर ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेका रात्री मोजलेली एका सुपरनोव्हाची तेजस्विता. दोन-तीन आठवड्यांत चढायची, मग सावकाश उतरायची. एक ठिपका मात्र रांग सोडून वर बसला होता. "काढून टाका ना," मी म्हणालो. "नको असलेले ठिपके काढत गेलं ना सर, की हवं तेच उत्तर मिळतं," ती म्हणाली. मूळ दीर्घिकेचा उजेड नीट वजा झालाय का, हे ती तपासत बसली. चहा गार झाला, ठिपका जागीच राहिला.

विश्वप्रसरणाचा आकडा काढायला दीर्घिकांचा वेग आणि अंतर दोन्ही लागतात. वेग काढणं त्यामानानं सोपं, तो वर्णपटातल्या ताम्रसृतीवरून मिळतो. खरा घोळ अंतराचा. ठरावीक काळानं तेज कमीजास्त होणारे तारे म्हणजे सेफिड; त्यांतल्या जवळच्यांचं अंतर भूमितीनं काढायचं. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या, चढउताराचा काळ आणि तेज यांच्या नियमानं त्यावरून दूरच्या सेफिडांचं. आणि तिथून सुपरनोव्हांचं. ज्या दीर्घिकेत सेफिडही मोजता येतात आणि सुपरनोव्हाही फुटला, अशाच कामाच्या. ७३ चा आकडा काढणाऱ्या ॲडम रीस यांच्या गटाला २०२२ पर्यंत अशा ३७ सापडल्या, त्यांत सुपरनोव्हा ४२. दूरचे शेकडो सुपरनोव्हा या बेचाळीसांच्या मापानं मोजायचे.

अंतरांच्या या शिडीची खालची पायरी हलली की काय होतं, ते खगोलशास्त्रज्ञ हबलच्या उदाहरणातून दिसतं. त्याचा १९२९ चा आकडा ५०० च्या आसपास होता. सेफिड दोन जातींचे असतात हे खगोलशास्त्रज्ञ बाडेनं पुढे दाखवलं आणि विश्व एकदम दुप्पट मोठं झालं.

दुसरीकडे, प्लांक उपग्रहानं केलेल्या विश्वाच्या आदिम प्रकाशाच्या मोजणीतून हाच आकडा ६७.४ येतो, पण तो विश्वाचं प्रचलित प्रारूप बरोबर धरून. म्हणून माझा कल ७३ वाल्यांकडे आहे. वेब दुर्बिणीनं त्यांचे सेफिड पुन्हा तपासले, तेव्हा अंतरं फारशी बदलली नाहीत. तरीही वेंडी फ्रीडमन यांचा गट वेगळे तारे वापरून ७० च्या आसपास येतो, आणि तो काही आळशांचा गट नव्हे.

या आकड्यांतल्या तफावतीवरून 'भौतिकशास्त्र कोसळलं' असा मथळा दिसला, तर आधी एवढंच विचारा: बेचाळीसचे किती झाले?