कांग्याच्या काठावरची ओळ

टांझानियातल्या दार-ए-सलामला आम्ही तीन वर्षं राहिलो. घराच्या मागच्या अंगणात दोरीवर कायम एखादा तरी कांगा वाळत असायचा. कांगा म्हणजे दीडेक मीटर लांब आणि मीटरभर रुंद सुती कापड. ते जोडीनं विकतात. या जोडीला म्हणतात 'दोती', आणि हा शब्द आपल्या धोतीवरूनच गेलेला दिसतो. घरी आणलं की मधोमध फाडायचं, कडांना टिपा घालायच्या. एक कमरेला, दुसरं डोक्याखांद्यावरून. चारी बाजूंच्या रुंद काठाला 'पिंडो' म्हणतात, मधल्या भागाला 'म्जी', म्हणजे गाव. खालच्या काठाच्या जरा वर स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. ती त्या कांग्याचं 'जीना', म्हणजे नाव. कधी म्हण, कधी दुवा, कधी सरळ टोमणा.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळे 'मामा' म्हणत. तिथे मामा म्हणजे आई. एकदा त्यांचं आणि शेजारी राहणाऱ्या जावेचं बिनसलं. मामांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मत्सर करणाऱ्यांसाठीची ओळ असलेला एक कांगा त्यांनी जावेच्या दारासमोर येईल असा दोरीवर टाकला. तो दुपारीच वाळला, पण तीन दिवस कुणी काढला नाही. चौथ्या दिवशी दाराबाहेरून 'होडी?' अशी हाक आली. येऊ का, असं विचारायची ही तिथली रीत. आतून 'करीबू' आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. 'करीबू' यायला वेळ लागला, पण आलं. संध्याकाळी दोरी रिकामी होती.

या कापडाची कुळकथा मला फार मोलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अमेरिकेतून कोरं मांजरपाट येई, त्याला 'मेरिकानी' म्हणत. निळीत बुडवून गडद केलेलं जाडंभरडं कापड म्हणजे 'कानीकी'. ते गुलाम बायकांच्या अंगावर असे. पुढे ठशांचे रंगीत रुमाल सहा-सहा जोडून बायका नेसू लागल्या. रुमालासाठीचा पोर्तुगीज शब्द तिथे 'लेसो' झाला आणि मोंबासात कांग्याला आजही लेसोच म्हणतात. त्याच मोंबासात कादरदिना हाजी इसाक या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यानं १८८७ साली दुकान काढलं. ते 'अब्दुल्ला' नावानं प्रसिद्ध झालं. काठावरच्या ओळी रुळल्या त्यात या दुकानाचा वाटा मोठा मानतात. सुरुवातीला त्या अरबी लिपीत असत, नंतर रोमन आली.

झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. त्या जागेवर आज चर्च उभं आहे. लवंगांच्या बागांत राबणारी माणसं विकत घेतलेली होती आणि देशाच्या आत जाणाऱ्या काफिल्यांना पैसा पुरवणाऱ्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सावकारही होते. आपल्या समुद्री व्यापाराचे गोडवे गाताना हे आपण सांगत नाही. सांगायला हवं. १८९७ साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यताही गेली. मोकळ्या होत गेलेल्या बायकांनी कानीकी टाकली आणि भडक रंगांचे कांगे नेसले. मी आता कुणाची मालमत्ता नाही, हे त्या अंगावरच्या कापडानं सांगत होत्या. कांग्याकडे नुसतं नक्षीदार कापड म्हणून बघणं हे कळल्यापासून मला जमलेलं नाही.

आता हे कापड आफ्रिकी म्हणायचं का? सूत परक्यांचं, दुकानदार भारतीय, लिपी आधी अरबी, मग रोमन. मला त्याचं उत्तर भाषेतच सापडलं. अरबी 'किताब' स्वाहिलीत 'किताबू' झालं. पण स्वाहिलीचं व्याकरण बांटू. तिथे कित्येक नामांना एकवचनी 'कि' आणि अनेकवचनी 'वि' लागतो. त्यामुळे त्यांनी किताबूतला 'कि' आपलाच धरला, आणि अनेक पुस्तकं झाली 'विताबू'. इंग्रजांच्या 'कीप लेफ्ट' या पाटीवरून चौकातल्या गोलाला 'किपिलेफ्ती' म्हणू लागले, आणि असे अनेक गोल म्हणजे 'विपिलेफ्ती'! दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा', लाखाला 'लाकी' हे आपल्याकडून गेलेले शब्द. शब्द कुठूनही येवोत, ते बसतात त्यांच्या घरच्या पाटावर. किनाऱ्यावरची ही संस्कृती अरबांनी आणून लावली, असं साहेबाच्या काळात लिहिलं गेलं. पण प्रवासी इब्न बतूता १३३१ साली किल्वाला उतरला तेव्हा ते शहर नांदतं होतं आणि त्या वस्त्यांची मुळं त्याहून कितीतरी जुनी, आफ्रिकेच्याच मातीतली आहेत.

जोसेफ मुरुंबींची आठवण इथे येतेच. जन्म १९११. वडील गोव्याचे, आडनाव झुझार्त. आई मसाई. शिक्षण भारतात. त्यांनी पुढे आईकडचं मुरुंबी हे नाव लावलं, स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी राजकारण सोडून ते आफ्रिकेतल्या कलावस्तू आणि पुस्तकं गोळा करण्यात रमले. निम्मे गोवेकर आणि निम्मे मसाई असा हिशोब त्यांनी मांडला नाही.

टांझानियात शंभराहून जास्त भाषा आहेत. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे यांची मातृभाषा झानाकी, एका छोट्या जमातीची. ती बाजूला ठेवून त्यांनी देशाला स्वाहिली दिली आणि शेक्सपिअरचा 'ज्युलिअस सीझर' स्वतः स्वाहिलीत आणला. तरी माध्यमिक शाळेत पाऊल ठेवलं की मुलांना इंग्रजीत शिकावं लागतं. मामांचा नातू घरी घडाघडा बोलायचा. विज्ञानाचं पुस्तक उघडलं की त्याचा आवाज खाली यायचा. आपल्याकडच्या किती घरांत मी हेच पाहिलंय. तिथेही तितकंच पोटात तुटलं.

थोरांना तिथे 'शिकामो' म्हणतात. पाय धरतो, असा त्याचा अर्थ सांगतात. थोरांनी 'मरहबा' म्हणायचं. निघायच्या दिवशी मी मामांना शिकामो म्हटलं. त्यांनी मरहबा म्हणत आतून कोरी दोती आणली, दातानं टाका तोडला, टरकन मधोमध फाडली. एक तुकडा माझ्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि गाडी येते का बघायला दारात जाऊन उभ्या राहिल्या.