कुटुंबासमवेतचा प्रवास आणि वेगमर्यादेचे उल्लंघन : वाहनचालकाच्या मनोभूमिकेचा वेध

प्रस्तावना :

गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या राहणीमानात जे बदल घडून आले, त्यांत दाराशी उभ्या राहिलेल्या मोटारीचा क्रम बराच वरचा आहे. एकेकाळी एस.टी. आणि रेल्वे यांवर अवलंबून असणारे कुटुंब आता कुलदैवताच्या दर्शनाला, गणपतीसाठी कोकणात, लग्नकार्याला किंवा सुटीच्या सहलीला स्वतःच्या वाहनाने जाते. एस.टी.चा चालक हा प्रवाशांना अनोळखी असला, तरी तो एका व्यवस्थेला उत्तरदायी असतो. खाजगी मोटारीत मात्र स्टिअरिंग घरातीलच कोणाच्या तरी हाती असते. त्याच्यावर देखरेख करणारे कोणी नसते आणि त्याच्या भरवशावर गाडीत बसलेली माणसे ही त्याची आई, पत्नी, मुले असतात.

अशा वेळी चालक आपोआपच जपून गाडी चालवीत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज पूर्णतः खोटा नाही. पण तो पूर्णतः खराही नाही. मुलाबाळांवर जिवापाड प्रेम करणारा माणूस त्याच मुलाबाळांना घेऊन वेगमर्यादा ओलांडतो आणि त्यात त्याला स्वतःला कोणतीही विसंगती जाणवत नाही. ही विसंगती का जाणवत नाही, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

प्रश्नाचे स्वरूप :

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या कारणाखाली नोंदले गेले आहेत. ही वर्गवारी पोलीस नोंदींवर आधारित असल्याने तिच्यात इतर कारणेही मिसळलेली असू शकतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि, एवढी सवलत देऊनही वेग हा या प्रश्नाचा गाभा आहे, याबद्दल शंका उरत नाही.

अतिवेग ही चूक नसून ते उल्लंघन आहे, हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली चालकांच्या वर्तनाची मांडणी करताना चुका आणि उल्लंघने यांत स्पष्ट फरक केला. आरशात न पाहता गाडी वळविणे ही चूक होय. तिचे मूळ अनवधानात असते. वेगमर्यादेचा फलक वाचूनही वेग न उतरविणे हे उल्लंघन होय. त्याचे मूळ इच्छेत असते. चूक प्रशिक्षणाने सुधारता येते, उल्लंघन मात्र केवळ प्रशिक्षणाने थांबत नाही. त्यासाठी मनोभूमिकेकडेच वळावे लागते.

मनोभूमिकेची तीन अंगे :

आयझेक आय्झेन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियोजित वर्तनाचा सिद्धान्त या संदर्भात उपयुक्त आहे. या सिद्धान्तानुसार माणसाचा एखादी कृती करण्याचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्या कृतीविषयी त्याचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांना ती कृती पसंत पडेल की नाही याविषयीची त्याची कल्पना आणि ती कृती आपल्याला जमेल हा विश्वास. वेगाच्या बाबतीत ही तीन अंगे 'वेगाने वेळ वाचतो', 'घरच्यांची काही हरकत नाही' आणि 'माझा हात बसलेला आहे' या तीन वाक्यांत सामावतात. कुटुंबासमवेतच्या प्रवासात ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी कार्यरत असतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

(१) 'माझा हात बसलेला आहे' :

ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने अमेरिका व स्वीडन येथील विद्यार्थ्यांना त्यांच्या वाहनकौशल्याविषयी विचारले होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकी गटातील ९३ टक्के व स्वीडिश गटातील ६९ टक्के व्यक्तींनी स्वतःला गटातील अधिक कुशल अशा निम्म्या चालकांत गणले. निम्म्या भागात निम्मेच मावतात, हे उघड आहे. तेव्हा यांतील अनेकांचा स्वतःविषयीचा अंदाज चुकीचा होता, असाच निष्कर्ष निघतो.

कुटुंब सोबत असताना हा आत्मविश्वास घटण्याऐवजी पुष्कळदा त्याला नैतिक आधार मिळतो. 'मी माझ्या मुलांचा जीव धोक्यात घालीन का?' हा प्रश्न चालक स्वतःला विचारतो व उत्तर 'नाही' असे येते. त्यावरून 'मी करतो आहे ते धोक्याचे नाही' असा उलटा निष्कर्ष तो काढतो. जिव्हाळा हा सुरक्षिततेचा पुरावा मानला जातो. वास्तविक जिव्हाळा हा हेतूचा पुरावा आहे. गाडीच्या थांबण्याच्या अंतराशी त्याचा काही संबंध नाही.

(२) 'वेगाने वेळ वाचतो' :

लग्नाचा मुहूर्त, दर्शनाची रांग, घाटात अडकण्याची धास्ती, मुलांची भूक, अंधार पडण्याआधी घर गाठण्याची ओढ ही कौटुंबिक प्रवासातील घाईची नेहमीची कारणे होत. यांतील बरीचशी कारणे कुटुंबाच्या सोयीचीच असल्यामुळे वेग हीदेखील एक प्रकारची सेवा ठरते.

या सेवेचे मोल गणिताने तपासून पाहता येते. ८० किलोमीटरचे अंतर ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने कापल्यास १२० मिनिटांऐवजी ८० मिनिटे लागतात, म्हणजे ४० मिनिटे वाचतात. तेच अंतर ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने कापल्यास ४८ ऐवजी ४० मिनिटे लागतात, म्हणजे अवघी ८ मिनिटे वाचतात. दोन्ही वेळा वेग २० किलोमीटरनेच वाढविला. परंतु लाभ पाचपटीने घटला. मूळ वेग जितका अधिक, तितका पुढील वाढीचा लाभ कमी. माणसाचे मन मात्र हा लाभ नेहमीच फुगवून पाहते. स्वेन्सन यांनी या प्रवृत्तीचाही पुढे अभ्यास केला आहे. एका चहाच्या थांब्यात ही आठ मिनिटे सहज खर्ची पडतात.

आता याच आठ मिनिटांची किंमत पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो व कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले लागतात असे गृहीत धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार थांबण्यास सुमारे ९७ मीटर लागतात. ताशी १२० किलोमीटर वेगाला सुमारे १२९ मीटर लागतात. याचा अर्थ असा की, पहिली मोटार ज्या ठिकाणी पूर्णपणे थांबलेली असेल, त्या ठिकाणी दुसरी मोटार अद्याप ताशी सुमारे ७७ किलोमीटर वेगाने धावत असेल. समोर बंद पडलेला ट्रक असल्यास पहिल्या गाडीतील कुटुंब घाबरून का होईना, पण घरी पोहोचेल. दुसऱ्या गाडीविषयी तसे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात किंवा टायर झिजलेले असताना ही अंतरे आणखी वाढतात.

स्वीडनमधील गोरान निल्सन यांच्या संशोधनावर आधारलेले एक सूत्र जगभर मान्यता पावले आहे. त्यानुसार रस्त्यावरील सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. अल्प लाभासाठी केवढी जोखीम पत्करली जाते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

(३) 'घरच्यांची काही हरकत नाही' :

सहप्रवाशाच्या उपस्थितीचा परिणाम एकसारखा नसतो, असे अभ्यासांतून दिसते. सर्वसाधारणपणे प्रौढ चालकासोबत कोणी असल्यास तो काहीसा सावध असतो. उलट, अमेरिकेतील १६ व १७ वर्षे वयाच्या चालकांविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोबतच्या प्रवाशांची संख्या वाढते तसा चालकाच्या मृत्यूचा धोकाही वाढत असल्याचे आढळले. म्हणजेच गाडीत कोणी आहे एवढ्याने भागत नाही. ते कोण आहे व काय बोलते यावर पुष्कळ अवलंबून असते.

मराठी घरातील मोटारीतही हे दोन्ही प्रवाह आढळतात. मागे बसलेली आई 'हळू चालव रे, घाई कशाची?' असे म्हणते. शेजारी बसलेली पत्नी काही न बोलता वरची मूठ घट्ट धरते. मागून मुलगा 'बाबा, त्या गाडीला मागे टाका ना' असा हट्ट धरतो. यांपैकी चालकाला कोणाचे ऐकू येते? आईचे बोलणे हा तिचा भित्रा स्वभाव ठरतो. पत्नीचे मौन ही संमती ठरते. मुलाचा हट्ट मात्र कौतुकाचा विषय होतो. सावध करणारा आवाज वयाचा किंवा स्वभावाचा दोष मानून बाजूला सारला जातो आणि उत्तेजन देणारा आवाज तेवढा स्वीकारला जातो.

येथे कुटुंबातील अधिकाराची उतरंडही विचारात घ्यावी लागते. घरात ज्याच्या शब्दाला आव्हान दिले जात नाही, त्याच्या वेगालाही गाडीत आव्हान दिले जात नाही. चारचौघांत, विशेषतः सासर-माहेरच्या माणसांसमक्ष, त्याला टोकणे हा त्याचा अपमान समजला जातो. परिणामी, भीती वाटत असूनही गाडीतील माणसे गप्प राहतात.

मागील आसन व मांडीवरील मूल :

वेगाविषयीची ही बेफिकिरी एकटी येत नाही. तिच्यासोबत सीटबेल्टविषयीची उदासीनताही येते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलाजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागील आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, ही बाब त्या वेळी देशभर चर्चिली गेली. कौटुंबिक मोटारीत मागील आसन हे वृद्धांचे, स्त्रियांचे व मुलांचे असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पुढील आसनावर आईच्या मांडीवर बसलेले मूल हे तर नित्याचे दृश्य आहे. दहा किलो वजनाचे मूल मांडीवर आहे व ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, असे समजू. त्या क्षणी मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागेल. ते कोणत्याही आईच्या हातात नसते. आईचे कवच येथे पुरे पडत नाही, हे कटू असले तरी भौतिकशास्त्राचे सत्य आहे.

कायदा आणि त्याची मर्यादा :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये कमाल वेगमर्यादा ठरविली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तसेच चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट अथवा बालसुरक्षा आसनाविना नेल्यास कलम १९४-ब नुसार १,००० रुपये दंड आहे. २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असून घाटात ती बरीच कमी आहे. या मार्गावर कॅमेऱ्यांवर आधारलेली स्वयंचलित यंत्रणा २०२४ मध्ये कार्यान्वित झाली.

या उपायांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु चालकाची मनोभूमिका न बदलता केवळ यंत्रणा आली, तर त्याची नजर कॅमेऱ्यावर राहते. कॅमेरा मागे पडताच पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर जातो. वेगमर्यादा म्हणजे शासनाने लादलेली अट, अशी त्याची धारणा असते. ती सोबतच्या माणसांच्या शरीराची सहनमर्यादा आहे, हे त्याच्या गावीही नसते.

उपाययोजनांची दिशा :

१) वाहन परवान्यासाठीच्या प्रशिक्षणात चिन्हे व नियमांबरोबरच थांबण्याचे अंतर आणि वाचणारा वेळ यांची प्रत्यक्ष गणिते करून घ्यावीत.

२) महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांत रस्ता सुरक्षा हा विषय असतो. त्यात चालकाबरोबर सहप्रवाशाचाही विचार व्हावा. आज वर्गात बसलेला विद्यार्थी वडिलांच्या गाडीतील प्रवासी आहे. उद्या तोच चालक होणार आहे.

३) निघण्यापूर्वीच कुटुंबाने वेगाची मर्यादा एकमताने ठरवावी. प्रवासात टोकण्यापेक्षा घरी ठरविलेल्या गोष्टीची आठवण करून देणे सोपे जाते व त्यात कोणाचा मानभंगही होत नाही.

४) उशीर होत असल्यास पुढे फोन करून तसे कळविण्याची सवय लावावी. वेग वाढविण्यामागील बरीचशी घाई अशा एका फोनने नाहीशी होते.

समारोप :

कुटुंब सोबत असताना वेगमर्यादा ओलांडणाऱ्या चालकाला कुटुंबाची पर्वा नसते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला पर्वा असते. पण त्या पर्वेचे रूपांतर तो सावधगिरीत न करता आत्मविश्वासात करतो. एकट्याने वेगात जाणारा माणूस प्रामुख्याने स्वतःचा व रस्त्यावरील इतरांचा जीव धोक्यात घालतो. कुटुंबासह वेगात जाणारा माणूस त्याशिवाय, ज्यांनी हा धोका पत्करण्यास कधी होकार दिलेला नाही अशा आपल्याच माणसांच्या वतीने निर्णय घेतो. मागील आसनावर झोपलेल्या मुलाला वेग किती आहे हे ठाऊक नसते. त्याच्या वतीने काटा पाहण्याचे काम गाडीतील प्रत्येक जाणत्या माणसाचे आहे, आणि 'हळू चालव' हे शब्द भित्रेपणाचे न मानता त्यांचा मान राखणे हे चालकाचे.