बाळ काचेत, आई बाकावर

जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागाबाहेर पहाटेच हालचाल सुरू होते. सिझेरियनचे टाके सांभाळत एखादी बाई भिंतीला धरून बाकावरून उठते, कानाला स्कार्फ घट्ट बांधते आणि दूध काढायला निघते. तिचं बाळ आत आहे. गावाकडे फोनवर घरचे सांगतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ बाळाला अजून नाव नाही. पायातल्या पट्टीवर आणि वहीत ‘बेबी ऑफ’ लिहून पुढे आईचं नाव आहे. पाचवी पुजायची राहिली, बारावा दिवसही उलटला. बारशाचा विषय कोणी काढत नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती हे सगळं घरी राहिलं, आणि बाळंतीण इथे बाकावर.

अशा आया थोड्या नाहीत. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे भरण्याआधी जन्मली. जगातल्या अशा दर पाच बाळांमागे एक भारतातलं होतं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे घराघरांत आजही ऐकू येतं आणि आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईचा धीर खचवतं. ते साफ खोटं आहे. पोटात काढलेल्या एकेका आठवड्याने फुप्फुसं आणि मेंदू पक्के होत जातात. आठव्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते.

आत जायचं तर आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, साबणाने. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढायच्या. बांगड्या म्हटल्यावर सासूबाई चपापतात. मग सिस्टर समजावतात की जंतू त्यांच्या आतल्या बाजूलाच बसतात. वॉर्मरखालचं बाळ पहिल्यांदा बघताना आईची नजर बाळावर ठरत नाही, मॉनिटरच्या आकड्यांवर जाते. अलार्म वाजला की ती दचकते. कमी दिवसांचं बाळ कधी कधी श्वास घ्यायचंच विसरतं. सिस्टर पायाच्या तळव्याला बोट लावतात, श्वास परत सुरू होतो. असं वारंवार होऊ नये म्हणून दिलं जाणारं औषध म्हणजे कॅफीन, कॉफीत असतं तेच. हे कोणीतरी नीट सांगितलं तर आईबापांची अर्धी भीती कमी होते. सांगायला मात्र त्या गर्दीत कुणाला वेळ असेलच असं नाही.

आईच्या वाट्याला आलेलं पहिलं काम दुधाचं. दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, ते काढावं लागतं. सुरुवातीला चीक येतो, वाटीचा तळ जेमतेम ओला होईल एवढाच. ‘एवढंसं निघालं,’ म्हणून ती रडवेली होते, आणि आत त्यातलेच एक-दोन मिलिलिटर बाळाचं पूर्ण जेवण असतं. सिस्टर सिरिंजचा दट्ट्या काढून टाकतात, नळी बाळाच्या तोंडातून पोटात गेलेली असते, तिला सिरिंज जोडून उंच धरतात. दूध ढकलायचं नाही. ते आपल्या वजनानेच सावकाश उतरायला हवं. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो. त्याआधीच्या टप्प्यावर वाटी-चमचा येतो, किंवा पलाडी: आपल्या आज्यांच्या बोंडल्यासारखंच चोचीचं भांडं.

ज्या आईला दूध येत नाही किंवा जी स्वतः दुसऱ्या दवाखान्यात आजारी पडून आहे, तिच्या बाळाचं काय? या प्रश्नाचं उत्तर मुंबईत सापडलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करायचं, गोठवून ठेवायचं आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज त्या बाळांना आधी द्यायचं. महापालिकेच्या रुग्णालयात उभं राहिलेलं हे काम. डॉ. फर्नांडिस यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली.

पण दूध आत जातं आणि आई बाहेर राहते, ही व्यवस्था का टिकली? जंतुसंसर्गाची भीती हे कारण दिलं जातं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्यापुढे काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अडचण होती. एका पेटीत एकाहून अधिक बाळं ठेवावी लागत आणि संसर्ग पसरे. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधलं. तीच पुढे कांगारू पद्धत झाली.

बरीच वर्षं नियम असा होता की बाळ स्थिर झालं की मग कांगारू. त्याला धक्का दिला तो २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत एक किलो ते १.८ किलोपर्यंतच्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीवर ठेवलं. त्यांना अतिदक्षता विभागात दिवसाला सुमारे १७ तास ती ऊब मिळाली, बाकीच्यांना दीड तास. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. रक्तातल्या जंतुसंसर्गाची शंका आलेली बाळंही कमी निघाली. म्हणजे जिला संसर्गाच्या भीतीने बाहेर ठेवत होतो, ती आत आल्यावर संसर्ग घटला. अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवावा लागला, कारण उरलेल्या बाळांना या लाभापासून वंचित ठेवणं गैर ठरलं असतं.

यातलं भारतीय रुग्णालय म्हणजे दिल्लीचं सफदरजंग. तिथे बाळाच्या शेजारीच आईची खाट लावली. दिल्लीच्याच राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया यांनी आईवडिलांना शिकवून कामाला घेतलं: हात धुणं, लंगोट बदलणं, दूध पाजणं, धोक्याची लक्षणं ओळखणं. त्यावरून २०१७ साली केंद्राने सरकारी नवजात कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर आई आता ‘भेटायला आलेली’ नाही. तरीही तिच्या खाटेची जागा नकाशात आधीपासून धरलेली नसेल, तर ती बाकावरच झोपणार. नवा विभाग बांधताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

बापाचा दिवस पायांवर जातो. रक्तपेढी, मेडिकल, कागदपत्रं, आणि आई वेगळ्या दवाखान्यात असेल तर दुधाची बाटली घेऊन मोटरसायकलवरच्या खेपा. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे मोफत आहेत. बुडालेली मजुरी भरून देणारं कोणी नाही. रोज खाडा होतो. खासगी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजा देण्याची सक्ती करणारा कायदा देशात नाही. नोकरदार आईला २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, पण २८ व्या आठवड्यात बाळ झालं तर त्यातले दोन-अडीच महिने अतिदक्षता विभागाबाहेरच संपतात. छातीवर बाळ बापानेही घ्यावं, ते तितकंच चालतं, हे त्याला सांगितलं की तो आधी लाजतो आणि मग उठायला तयार होत नाही.

संध्याकाळी नातेवाइकांचा एकच प्रश्न: ‘वजन किती झालं?’ पहिल्या आठवड्यात ते कमीच होतं आणि हे अपेक्षित असतं. जन्मवेळच्या आकड्यावर यायला दहा-चौदा दिवस लागतात. हे ठाऊक नसलेल्या आईला प्रत्येक फोन परीक्षेचा वाटतो.

आणि डिस्चार्जचा दिवस आनंदाइतकाच भीतीचा असतो, कारण मॉनिटर घरी येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून दाखवून दिलं होतं की नवजात बाळ घरीही सांभाळता येतं. त्यांचा १९९९ चा शोधनिबंध जगभर वाचला गेला, आणि आशाताई आज घरभेटींना येतात त्यामागे ते काम आहे. या काळात एक तपासणी हमखास चुकते, ती डोळ्यांची. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा, फारच लहान बाळाचा त्याहूनही लवकर. बाळ वरून ठणठणीत दिसतं म्हणून लोक जात नाहीत, आणि उपचाराचे मोजके दिवस हातचे जातात.

‘पाच महिन्यांचं झालं, अजून मान धरत नाही?’ असं शेजारीण विचारेल, तेव्हा आईने बाळ किती आठवडे आधी आलं ते वजा करून वय सांगावं. तीन महिने आधी आलेलं बाळ त्या हिशेबाने दोनच महिन्यांचं असतं. लसी मात्र बहुतेक जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, त्या पुढे ढकलायच्या नसतात.