विद्या अधिक वेतन

आपल्या भाषेत काही जोडशब्द असे आहेत की, त्यांचे दोन अवयव एका घरात नांदतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. ‘विद्यावेतन’ हा त्यांतलाच. एम. डी., एम. एस. होण्यासाठी तीन वर्षे रुग्णालयात राबणाऱ्या निवासी डॉक्टराला सरकार किंवा महापालिका दरमहा जी रक्कम देते, तिचे हे नाव. मौज अशी की, रक्कम वाढवून मागितली की तिजोरीला ‘विद्या’ आठवते. तुम्ही तर विद्यार्थी! आणि रात्रपाळी लावायची झाली की ‘वेतन’ आठवते. तुम्ही तर नोकर!

‘निवासी’ हे नावही अर्थपूर्ण आहे. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनी ही पद्धत रुजवली. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहायचे आणि रोग्याच्या उशाशी शिकायचे. पुढे प्रश्न आला, याचा खर्च कोणी सोसावा? अमेरिकेने १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आणली, तेव्हा या शिक्षणाच्या खर्चातील वाटाही तिच्याकडे दिला. मात्र १९९७ च्या कायद्याने त्या पैशावर पोसल्या जाणाऱ्या जागांना मर्यादा घातली. अखेर २०२० च्या डिसेंबरात एक हजार नव्या जागांना मंजुरी मिळाली. श्रीमंत देशालाही हा हिशेब सुटलेला नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडे १९२६ साली मुंबईत के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती की, अध्यापक भारतीयच असावेत. पुढचा भार महापालिकेने, म्हणजे करदात्या नागरिकांनी, उचलला. म्हणजे हा पैसा तुमचा-आमचाच. तो वाया जातो का? एकाच रकमेत आजच्या रात्रीचा उपचार मिळतो आणि उद्याचा तज्ज्ञही घडतो. असा सौदा तिजोरीला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पण सौद्याला दोन बाजू असतात. केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत सलग काम साधारणतः बारा तासांहून अधिक नसावे, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा असावी, असे लिहिले आहे. कागद शहाणा आहे. वॉर्डातले घड्याळ त्याला ओळखत नाही. २०२३ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत वसतिगृहांची दुरवस्थाही होती. निवासी म्हणवणाऱ्यालाच धड निवास नाही!

शिक्षण संपल्यावर वर्षभर सेवा करण्याचे बंधन राज्य घालते. ते योग्यच आहे. समाजाने पैसा दिला, समाजाने सेवा मागावी. पण ऋण वसूल करणाऱ्याने आपले देणेही चोख फेडावे. कारण पहाटे तीन वाजता आपल्या माणसाच्या नाडीवर हात ठेवणारा डॉक्टर किती तास जागा आहे, हा प्रश्न एकट्या डॉक्टराचा नसतो. खाटेवर पडलेल्या माणसाचाही तो असतो.